नानांच्या डोळ्यांतली खोली

नाना, असोद्याच्या आपल्या स्वयंपाकघराचं चित्र मी तैलरंगांत काढते आहे. तुम्ही जाऊन कैक वर्षं झाली, चित्रकला शिकवता शिकवता मी निवृत्तही झाले, आणि आत्ता कुठे त्याला हात घालायचं धाडस झालं. जळगावच्या घरी मागच्या गॅलरीत कॅनव्हास उभा असतो. माय माझ्याकडेच राहते. टर्पेंटाइनचा वास आला की "रॉकेल सांडलं का व?" असं रोज विचारते.

तुमच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला तेव्हा मी चौथीत होते. डॉक्टरांनी हात टेकले आणि तुम्ही आम्हाला रंगांवरून ओळखू लागलात. उंबऱ्यात बसून तुम्ही हाक मारायचात, "निळी कोठी गेली? पानी आन मले." निळी म्हणजे निळ्या फ्रॉकमधली मी. पिवळा म्हणजे दादा. माय तांबड्या लुगड्यात, आणि त्यानंतर तिनं दुसऱ्या रंगाचं लुगडं घरात कधी नेसलंच नाही. एकदा मी तुमचं चित्र पेन्सिलीनं काढून आणलं, मिशीचा केस न् केस. तुम्ही कागद पार नाकाशी नेलात आणि चिडलात. "रेघा मले दिसत नही, बाई. रंग कोठी हाये?" मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही दादाला जळगावला पिटाळून रंगपेटी मागवलीत.

पुढे वर्गात मी मुलांना तेच सांगत आले, रेघ सोडा, रंगाशेजारी रंग ठेवा. पुस्तकात त्याला इम्प्रेशनिझम म्हणतात. मला ती तुमची नजर वाटते. म्हणून या चित्रात चुलीवर वांगी भाजणारी माय म्हणजे तांबड्याचे चार फटकारे, आणि आम्ही भावंडं दोन डाग. कुणालाच नाकडोळे नाहीत.

परवा माय चित्रासमोर उभी राहिली. तिलाही आता धूसरच दिसतं. बराच वेळ बघून म्हणाली, "आन ते कोठी हायेत?" मी म्हटलं, माय, हे नानांना दिसायचं तसं आहे. ते उंबऱ्यातून बघताहेत, मग ते स्वतः चित्रात कसे येतील?

"म्हंजे बठ्ठे आत, आन ते एकलेच बाहीर?" ती म्हणाली. "आत घे त्याईले."

घेतलं, नाना. तुम्हाला चुलीजवळ पाटावर बसवलं. पण तुम्ही आत आलात आणि उंबऱ्यातून बघणारं कुणी उरलंच नाही. ते कुणाचंही स्वयंपाकघर झालं. ओल्या रंगावर सुरी फिरवून मी तुम्हाला खरवडून काढलं आणि हमसून हमसून रडले. तुमची नजर ठेवायची तर तुम्हाला बाहेर बसवावं लागतं, आणि मायचं म्हणणं मोडवत नाही.

ती आत्ता शेजारीच बसली आहे. तिला अक्षरं दिसत नाहीत, म्हणून तर तिच्यासमोर हे लिहिता येतं. सकाळी तिनं कॅनव्हासवर बोट टेकवलं. ओला रंग बोटाला लागला. "हे पांढरं, हे तेच ना? धोतर वयखलं मी," म्हणाली, आणि लाजून हसली.

ते दारातून जमिनीवर पडलेलं ऊन आहे, नाना. मी हो म्हटलं.