नानांच्या बांधावरचे भुंगेरे

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता घरात तुमची आठवण निघते ती केळीच्या घडांवरून किंवा तुमच्या तापट स्वभावावरून. आजाराचं कुणी बोलत नाही. मीही बोलत नाही. मागच्या महिन्यात मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात साहेब म्हणाले, बाईंनी आयुष्यभर गाजरगवताशी झुंज दिली. मी मांडीवरचा हार सांभाळत बसले होते आणि मनात म्हणत होते, मी कसली झुंज देते, मी बरण्यांत भुंगेरे वाढवले आणि रानात सोडले. झुंज माझ्या वडिलांनी दिली, नाना, तुम्ही दिलीत, आणि हरलात. असं काही समारंभात बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

धुळ्याला शेतकी शिकताना मी कीटकशास्त्र घेतलं, तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होतात, ‘‘लोकं ढोरं पोसता, अन् माही पोरगी किडे पोसते!’’ गल्ली हसली. मला इतका राग आला की त्या सुट्टीत मी तुमच्याशी धड बोलले नाही. किडा म्हटला की तुमचा हात फवारणीच्या पंपाकडेच जायचा. पाठीवर पंप, डोक्याला रुमाल, नाकातोंडाला काही नाही. कापूस असो की केळी, वावरात किडा दिसला म्हणजे चारचौघांत तुमची मान खाली गेली. गवताचं तर विचारायलाच नको. बांधावर गाजरगवताचा एक झुपका दिसला की मजुराची वाट न बघता तुम्ही वाकायचात आणि फुलासकट, उघड्या मुठीने उपटायचात. सावद्यापर्यंत लोक म्हणायचे, बांध बघावा तर नानांचा. तुम्हाला ते फार आवडायचं. त्याच आवडीने तुमचा घात केला.

मला तो दिवस नीट आठवतो. नोकरी लागून फार दिवस झालेले नाहीत, मी जळगावहून घरी आले आहे. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे आणि तुम्ही भर दुपारी स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून बसला आहात. दुपारी घरात बसलेले तुम्ही मी आधी कधी पाहिलेच नव्हते. मी हाक मारल्यावर वळलात. पापण्या सुजून डोळ्यांच्या नुसत्या चिरा राहिल्या होत्या. मानेची कातडी जाड, काळी पडलेली, कोपराच्या आतल्या बाजूला भेगा आणि त्यांतून पाणी. ‘‘उन्हानं झालं,’’ तुम्ही म्हणालात. आई तव्याकडे बघत म्हणाली, ‘‘रात रात खाजवता, अन् म्हने उन्हानं झालं.’’

जळगावच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, हे गाजरगवतामुळे आहे, वाऱ्यावर उडणारी त्याची धूळसुद्धा आता सहन व्हायची नाही, गवतापासून लांब राहा. तुम्ही अगदी शांतपणे विचारलंत, ‘‘कुठी जाऊ साहेब? जठी हे गवत नाही असं एखादं गाव दाखवा, मी उद्या जातो.’’ डॉक्टर गोळ्या लिहायला लागले. त्या गोळ्यांनी खाज दबायची, तोंड मात्र गोल गोल सुजत जायचं. गोळी थांबवली की पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

त्याच सुमाराला जळगावच्या आमच्या कृषी संशोधन केंद्रावर ते भुंगेरे आले. मूळचे मेक्सिकोकडचे, मसुराच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, पिवळट पाठीवर काळपट नागमोडी रेघा. गाजरगवताचं पान हेच त्यांचं अन्न. वाढवायला बरण्या होत्या, पण तोंडाला बांधायला मलमल नव्हती. मंजुरी यायची होती, आणि आमच्याकडे मंजुरी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मी घरी सहज बोलून गेले. सकाळी निघताना पाहते तर माझ्या पिशवीत तुमचं लग्नाकार्याला नेसायचं तलम धोतर, फाडून, चौकोन करून ठेवलेलं. ‘‘लागन तुझ्या पाहुण्यायले,’’ एवढंच म्हणालात. मग थांबवून विचारलंत, ‘‘पन हा केळीले तं नाही ना लागनार?’’ मी म्हटलं, नाही नाना. ‘‘मंग मी त्या बांधाकडे पंप नेत नाही.’’ नाना, तुमच्या तोंडून हे ऐकून मला रडू आलं होतं. जळगावच्या गाडीत बसल्यावर आलं, तुमच्यासमोर नाही.

पावसाळ्यात मी आपल्या बांधावर भुंगेरे सोडले. तुम्ही आजारी पडल्यापासून तिथे गवत कमरेएवढं झालं होतं. चार काठ्या रोवल्या, सुतळी बांधली आणि केंद्रातून मिळालेली पत्र्याची पाटी लावली. पाटी सगळ्या पिकांना एकच: ‘प्रात्यक्षिक प्लॉट. हात लावू नये.’ शेजारचा भाऊ, ज्याचं वावर आपल्या बांधाला लागून आहे, तो त्या दिवशी फैजपूरला लेकीकडे गेला होता, म्हणून त्याला सांगायचं राहिलं. पुढच्या खेपेला मी पानं उलटून पाहिली तर खाली अंडी, वर अळ्या, शेंडे खाऊन पार बोडके झालेले. मी धावत घरी आले आणि दार बंद केलेल्या खोलीत तुम्हाला सांगितलं, नाना, लागले कामाला. तुम्ही विचारलंत, दिवाळीपर्यंत वावरात जाता येईल का? मी म्हटलं, बघू. पण माझ्या चेहऱ्यावर ‘हो’ होतं, आणि तेवढं तुम्हाला त्या चिरांतूनही दिसलं.

त्यानंतरच्या खेपेला मी चहा पीत होते आणि भाऊ दारात आला. अंगाला औषधाचा वास, चेहरा हसरा. ‘‘ताई, तुझ्या प्लॉटावर कीड पडली व्हती. पानायची पार चाळनी! मी म्हटलं, नाना तं घरात पडेल हाये, आता कोन पाहीन? आज सकायीच पंप मारला. एक किडा जित्ता ठेवला नाही.’’ मी कप खाली ठेवला. तोच पुढे म्हणाला, ‘‘या गवताचंच औषध काढून राहिली ना तू, नानासाठी? मले समजलं व्हतं. पाटी पाहिल्याबरोबर समजलं.’’

मी उठले. काय बोलणार होते ते मला आजही माहीत आहे. पण आतल्या खोलीतून तुमचा आवाज आला, ‘‘भाऊ, लय उपकार झाले. बस, चहा घे.’’ तुम्ही टॉवेल तोंडावर धरून बाहेर आलात, उजेडात, त्याच्याशेजारी बसलात, आणि औषध कोणतं मारलं, किती पाण्यात मारलं, सगळं विचारत राहिलात. तो गेल्यावर मला म्हणालात, ‘‘त्याले सांगशीन तं माही शप्पथ हाये. स्वताचं औषध घालून आला तो माह्यासाठी. हे समजलं तं मरीन तो.’’ मी ओरडले, आणि तुमचं काय? टॉवेल तोंडावर तसाच धरून आत गेलात.

पुढच्या वर्षी मी पुन्हा भुंगेरे तयार केले. पण कुठेतरी ते सूर्यफुलावर दिसले म्हणून ओरड झाली आणि चौकशी होईपर्यंत सोडू नका असा आदेश आला. बरण्यांत भुंगेरे चालत होते, तुमच्या धोतराला आतून चिकटत होते, आणि मला ते उचलून तुमच्या बांधावर नेता येत नव्हते. मी तुम्हाला जळगावला आणलं, पिंप्राळ्यातल्या माझ्या दोन खोल्यांत. वाटलं, शहरात बरं पडेल. घरासमोरचे सगळे रिकामे प्लॉट त्याच गवताने पांढरे झाले होते. मी खिडकीला गोधडी लावली. तुम्ही अंधारात बसून बाहेरच्या स्कूटरचे आवाज ऐकायचात आणि एकच विचारायचात, केळीला पाणी दिलं का कुणी. गोळ्यांनी साखर वाढली, पायाला झालेली जखम भरली नाही, चिघळत गेली. ज्या माणसाचा जन्म वावरात गेला, तो वावर न बघता एका गोधडीआड मेला. तो राग माझ्या मनातून जात नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

माझं शास्त्र सांगतं की तो एक बांध साफ होऊन तुम्ही वाचला नसतात. धूळ कोसावरून येते, आणि बांध तर गावभर. हे मी केंद्रात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवत आले. पण निदान एक दिवाळी तुम्ही वावरात गेला असतात, असं मला वाटतं. हे फळ्यावर काढता येत नाही.

भुंगेरे नंतर आले. आदेश मागे घेतला गेला, केंद्राने गावोगाव माहिती देत पुन्हा सोडले, पुढे पुढे ते आपले आपणच पसरले. यंदा श्रावणात मी गावी गेले होते. आपल्या बांधावर गवताच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या आणि काडीकाडीवर भुंगेरे. दुसरं कुणी असतं तर हरखून गेलं असतं. मी एक उचलला आणि चिमटीत चिरडला. मग दुसरा. मग किती ते कळलं नाही, बोटं पिवळी झाली. इतक्या उशिरा आलात, असं मी त्यांना मोठ्याने म्हणत होते.

मागून भाऊ आला. आता खूप म्हातारा झालाय, काठी टेकत चालतो. त्याने माझा हात धरला. ‘‘ताई, मारू नको वं. गुनाचे किडे हायेत हे. तूच तं आनले ना? नाना असते तं किती खूश झाले असते.’’ तेव्हा आपण मारले ते हेच, हे त्याच्या अजून ध्यानात आलेलं नाही. मी हो म्हटलं.

तुमची शपथ मी पाळली आहे, नाना. तुम्ही त्याच दिवशी त्याला चहा पाजून मोकळे झालात. मी अजून त्याला माफ केलेलं नाही. तो जिवंत आहे तोवर, दर खेपेला, सगळं सांगून टाकावं असं माझ्या तोंडाशी येतं.