सतरा सेंटिमीटरचा माणूस

३ ऑक्टोबर, सकाळी ९.४०
मॅडमनी बोलावून काम दिलं. उंदराच्या मूत्रपिंडाच्या तीस काचा, माणसाच्या तीस. मायक्रोस्कोपखाली बघून सारखं काय, वेगळं काय ते लिहायचं. उंदरावर चाललेलं औषध माणसावर चालेल का, याचा अंदाज त्यावरून. चोवीसला सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन. महिनाअखेर माझं कॉन्ट्रॅक्ट संपतं आणि लॅबमध्ये कायमची जागा एकच आहे. त्याबद्दल मॅडम म्हणाल्या, बघू. मला त्यात 'हो' स्पष्ट ऐकू आलं.
संकल्प: रोज दहा काचा. सहा दिवसांत खेळ खलास.

४ ऑक्टोबर
काचा शून्य. टेबल आवरलं. सात पेन्सिलींना टोक केलं.

५ ऑक्टोबर
जबरदस्त आयडिया. प्रत्येक काचेच्या कडेला पेन्सिलीने 'उंदीर' किंवा 'माणूस' आणि नंबर लिहिलेला असतो. तो वाचला की डोळा आधीच मत बनवून बसतो. म्हणून साठही काचा खोडरबराने साफ केल्या आणि माझी गुप्त खूण केली. चांदणी म्हणजे माणूस, गोल म्हणजे उंदीर. या वहीशिवाय कुठेही नोंद नाही, आणि ही वही मीसुद्धा परत वाचत नाही.
ब्लेडबाईंनी पाहिलं. या आमच्या टेक्निशियन. मेणाच्या वडीत बसवलेला टिश्यू, म्हणजे अवयवाचा तुकडा, यंत्राच्या पात्याने कापून काचेवर चढवतात, बारा वर्षं तेच, तेही माझ्यासारखंच कॉन्ट्रॅक्टवर. म्हणाल्या, अहो, हे काय करताय? म्हटलं, रिसर्च.

९ ऑक्टोबर
चार दिवस सर्दी. डोळ्यांत पाणी असताना निरीक्षण करणं हा विज्ञानाचा अपमान आहे. घरीच राहिलो.

१२ ऑक्टोबर, दुपारी २
आज खरी सुरुवात. आधी माणसं घेतली, म्हणजे गोलवाल्या काचा. (माणसाचं डोकं गोल, म्हणून गोल. चांगली खूण अशी आपोआप लक्षात राहते.) पहिलीच काच ठेवली आणि खुर्चीतून उठलो. अख्खं मूत्रपिंड एका काचेवर! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक पूर्णांक एक सेंटिमीटर. पुस्तकात माणसाचं अकरा दिलंय.
निष्कर्ष: माणूस चणीने लहान असणार.

१३ ऑक्टोबर
त्रैराशिक मांडलं. मूत्रपिंड अकरा सेंटिमीटर तर माणूस एकशे सत्तर, मग एक पूर्णांक एक असेल तर किती? सतरा. दोनदा तपासलं. सतराच.
जेवताना बायकोला सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, शेपटीसकट?
मोठ्या माणसांची चेष्टा घरातूनच सुरू होते.

१६ ऑक्टोबर
तीसच्या तीस माणसं तेवढीच निघाली. म्हणजे एकटादुकटा नाही, वस्ती आहे. आजवर कुणाच्या नजरेस का पडली नाही? उंचीमुळे.
उंदीर मात्र अवाढव्य. काचेवर नुसता तुकडा मावलाय, बाकीचं मूत्रपिंड बाहेरच. त्यांचंही त्रैराशिक मांडायला घेतलं, पण उत्तर दारापेक्षा उंच यायला लागलं तेव्हा सोडून दिलं. पिंजऱ्यांच्या खोलीकडचा जिना काही दिवस टाळणार.

१९ ऑक्टोबर
मॅडमचा बाहेरगावाहून फोन. काही अडचण? म्हटलं, अडचण नाही, शोध आहे. म्हणाल्या, शोध नको, तुलना हवी. हेवा हेवा म्हणतात तो हाच.
ब्लेडबाई दोनदा येऊन गेल्या. मी एकदा नजर टाकू का? नको म्हटलं. कापणाऱ्याने कापावं.

२३ ऑक्टोबर
नवा शर्ट इस्त्री केला. आरशासमोर सराव. टाळ्यांसाठी चाळीस सेकंद मोकळे सोडलेत.

२४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५
पाहुणे म्हणून किडनीचे एक म्हातारे डॉक्टर आले होते. दुसऱ्याच स्लाइडला त्यांनी हात वर करून फार नम्रपणे विचारलं, या गृहस्थांची उंची साधारण किती? मी ठणकावून सांगितलं, सतरा सेंटिमीटर.
चाळीस सेकंद पूर्ण शांतता.
ब्लेडबाईंनी उठून दिवे लावले. माझ्या काचांचा ट्रे खिडकीपाशी नेला आणि एकेक काच नुसत्या डोळ्यांनी उजेडात धरली. अख्खं दिसलं तर उंदीर, तुकडा दिसला तर माणूस. साठ काचा, बारा मिनिटं. मायक्रोस्कोपची वायरसुद्धा लावली नाही.
डॉक्टर म्हणाले, बरोबर.

२५ ऑक्टोबर
मॅडमच्या केबिनमध्ये. आवाज चढवला नाही, तेच वाईट. म्हणाल्या, तीस माणसांनी आजारपणात, सही करून, स्वतःचा एक तुकडा आपल्याला दिला. तुम्ही त्यांना उंदीर केलंत. आणि कुठली काच कुणाची, तेही पुसून टाकलंत.
उत्तर तयार होतं. मूळ पद्धत निर्दोष आहे, वगैरे. त्याऐवजी खिशातला खोडरबर काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

२९ ऑक्टोबर
चार दिवस ब्लेडबाई एकेक काच आपल्या नंबर घातलेल्या मेणाच्या वड्यांशी ताडून बघतायत. आज साठावी जुळली. कायमची जागा त्यांना मिळाली. मला त्यांच्या हाताखाली तीन महिने, तेही त्यांनीच मॅडमना सांगितलं म्हणून. यात त्यांचा काहीतरी डाव असणार. काय, ते अजून सापडलेलं नाही.

३१ ऑक्टोबर
साठ काचांवर पुन्हा नावं घातली. त्या शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, मी लिहीत होतो. माणूस, सात नंबर. लिहिलं. उंदीर, बावीस. लिहिलं. शेवटची काच झाल्यावर म्हणाल्या, अक्षर सुरेख आहे हो तुमचं.
दोन वर्षांत या इमारतीत माझ्याबद्दल कुणी बोललेलं हे पहिलं चांगलं वाक्य. घरी येऊन चपला न काढताच बायकोला सांगितलं.
ती म्हणाली, आहेच मुळी. फक्त काय लिहायचं ते दुसऱ्याने सांगत जावं.