काका, मोठ्यानं वाचा

प्रिय आई,

जय भीम. फोन असताना हा कागद कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर आपलं बोलणं कधी झालंय सांग. तू स्पीकर लावतेस, शेजारची राहीबाई येऊन बसते, तिची सून येते, आणि अख्खी गल्ली मला विचारते जेवलास का. मी मनातलं काही काढलं की तुझं नेटवर्क जातं. बरोबर तेव्हाच जातं, हे मला आता पाठ झालंय. म्हणून पत्र. पत्र कट करता येत नाही. तुला वाचता येत नाही, आणि वाचून कोण दाखवणार ते मला माहीत आहे. बाबा गेल्यापासून आपल्या दाराशी आलेला प्रत्येक कागद, लाइट बिल असो की रेशनची नोटीस, पोपटकाकांनीच वाचलाय. ते बाहेर पायरीवर, तू आत गॅसपाशी. तर काका, तुम्हालाही जय भीम. चष्मा लावा आणि मोठ्यानं वाचा, टपरीवर पेपर वाचता तसं. मधे तुमचं नाव आलं तर गाळायचं नाही. आई, काका वाचता वाचता थांबले तर समज त्यांनी काहीतरी खाल्लं. त्यांना परत मागं जायला लाव.

इथं मी बरा आहे. खरंच बरा आहे. माझं काम ऐकलं तर हसशील. सकाळी वाळूवर जायचं, दाताळ्यानं वाळू सारखी करायची आणि लांबलचक खाटा मांडायच्या, प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक छत्री. मग गोरी माणसं येतात आणि पैसे देऊन उन्हात झोपतात. हो, उन्हात. तू मार्केटात कांदे निवडताना ऊन चुकवायला डोक्यावर गोणपाट घ्यायचीस, आणि इथं लोक उन्हासाठी विमानानं येतात. सकाळी कोणी आलेलं नसतं तेव्हा मी एकटा असतो, आणि समोर तो. समुद्र गं. आपल्याकडं खाडी आहे, चिखलाचा वास येतो, पाणी सदा मळकं. हा वेगळाच. सकाळी ताकासारखा दिसतो, पांढरट, हलत पण नाही. दुपारी रेशनच्या रॉकेलसारखा निळा होतो. संध्याकाळी कसा होतो ते मला सांगता येत नाही. मी नुसता बघत उभा राहतो आणि शेठ ओरडतो. शेठ सिंधी आहे, हिंदीत ओरडतो, बरं वाटतं.

मी कुठं टिकणारा नव्हतो, तुला माहीतच आहे. शाळा टिकली नाही, आठवीतनंच सुटलो. गॅरेज टिकलं नाही, ते फॅनच्या कारखान्यातलं काम पण नाही. काकांच्या ट्रेलरवर क्लीनर म्हणून तेवढा टिकलो, तेही न्हावा शेव्याच्या गेटवर लाइन लागली की जहाजं दिसायची म्हणून. काका म्हणायचे, "पोरा, खाली उतरून टायर बघ, जहाज काय बघतोस." मला वाटायचं, आपल्या ट्रेलरवरनं जहाजात चढणारे ते डबे जिकडं जातात तिकडं जावं. आता जिकडं डबे जातात तिकडं मी आहे, आणि खाटा मांडतोय. राहीबाई सगळ्यांना सांगते ना, सुगत पेणला आहे, एवढ्या जवळ असून आईला भेटायला येत नाही? देशाचं नाव तिनं अर्धंच ऐकलंय, तिला एकदा नकाशा दाखवा काका.

पहिल्या दिवसाची गंमत तुला सांगायची राहिलीच. दुपारी जेवण झालं आणि बाहेर आलो तर सगळी शटरं खाली. दुकानं बंद, खिडक्या बंद, रस्त्यावर माणूस नाही, एक कुत्रा सावलीत आडवा. मला वाटलं, झालं, राडा झालाय, कोणीतरी बंद पुकारलाय. मी पळत खोलीवर गेलो, कडी लावली आणि पलंगावर बसून राहिलो, आता दगड पडतील, मग पडतील. शेठचा फोन आला तेव्हा म्हणालो, बाहेर काय झालंय? तो हसून हसून बेजार झाला. अरे, हे झोपतात. अख्खं गाव दुपारी झोपतं, बँकवालासुद्धा. आता मला ती वेळ सगळ्यात आवडते. आत्ता तीच वेळ आहे. खिडकीच्या फटीतनं उन्हाची एक पट्टी भिंतीवर आलीय, ती हळूहळू चालते. कुठंतरी कपाटावर भांडं ठेवल्याचा आवाज होतो, मग काही नाही. मला कधी कधी वाटतं, मी इथं नाहीच, तुर्भ्यातच आपल्या पोटमाळ्यावर पडलोय, आणि खाली तू भाकरी थापतेस तो आवाज लाटांचा आहे असं मला स्वप्न पडलंय.

मी जिच्या वरच्या खोलीत राहतो ती म्हातारी रेमे. सत्तरीची असेल, पण लिपस्टिक लावल्याशिवाय कचरा टाकायला जात नाही. तिचा नवरा खूप वर्षांमागं वारला. इथली रीत अशी की ऊन कलायला लागलं की सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन दाराबाहेर रस्त्यात बसतात. घरातली प्लास्टिकची खुर्ची रस्त्यात! गाडी आली तर गाडीनं वाट बघायची. आपल्या गल्लीतल्या बायका उंबऱ्यावर बसून लसूण सोलतात ना, तसंच, फक्त इथं पुरुष पण बसतात. रात्रीच्या जेवणाची वेळ झाली तरी उजेड असतो, पोरं खेळत असतात, आणि वारा समुद्रावरनं गल्लीत येतो, तळलेल्या मासळीचा वास घेऊन. रेमे दोन खुर्च्या काढते. मला वाटायचं एक माझी. बसलो एकदा. तिनं मला प्रेमानं उठवलं आणि पायरी दाखवली. दुसरी खुर्ची पाकोची आहे.

पाको म्हातारा पूर्वी होडीवर होता. तो समोरच्या गल्लीत राहतो, रोज येतो, कधी अंजिरं आणतो, कधी नुसता हात हलवत येतो. रेमे त्याला सगळ्यांदेखत झापते. शर्टाचं बटण नाही म्हणून, उशीर झाला म्हणून, मोठ्यानं शिंकला म्हणून. तो हसतो. मग दोघं हातात हात घालून समुद्राच्या कडेनं चालत जातात, सावकाश, आणि मी वरनं बघतो. मी शेठला विचारलं, लोक काही म्हणत नाहीत? शेठ म्हणाला, तिची पोरगी आधी फार चिडली होती, दोन उन्हाळे आलीच नाही. आता येते तेव्हा पाकोला शर्ट आणते. बटणवाला.

आई, त्यांना बघताना मला उरणचा समुद्र आठवतो. मी लहान होतो, रंजिताताई दोन वेण्या घालायची. काकांची ट्रिप रिकामी परत येत होती आणि त्यांनी आपल्याला केबिनमध्ये बसवलं. तू एवढ्या उंच पहिल्यांदाच बसली होतीस, पदर दातात धरून. उरणला गाडी लावली. आम्ही दोघं पाण्यात पळालो, आणि तू घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिलीस, लाट आली की ओरडायचीस, "अगं बया!" आणि हसायचीस. तुझं ते हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. काका लांब उभे होते, पाठ फिरवून, तुझ्या चपला दोन्ही हातांत धरून. वाळूत ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. वाहून कुठं जाणार होत्या? पण ते धरून उभे होते, आपण निघेपर्यंत. (काका, वाचा, वाचा. खोटं असेल तर सांगा.)

मला तेव्हा काही कळलं नाही, आणि पुढं पण नाही. कळलं ते इथं, तेही रेमेमुळं. तिनं एकदा माझ्या फोनमधला ताईच्या लग्नातला फोटो बघितला. तुझ्यावर बोट ठेवलं, मी म्हणालो आई. मग कडेला उभ्या असलेल्या काकांवर बोट ठेवलं आणि विचारलं, बाप? मी म्हणालो नाही, बापाचे मित्र. तिनं फोटो मोठा केला. सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत आणि काका तुझ्याकडं. रेमेनं माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी तू टाकायचीस मी दुकानातनं मीठ सोडून सगळं आणल्यावर. इथं कोणी घाईत असलं की त्याला म्हणतात "त्रांकिलो", म्हणजे टेन्शन नको. रेमे मला म्हणाली, तुझ्या आईच्या जागी मी त्रांकिलो नसते राहिले.

आता खरी गोष्ट. ताईचा नावड्याहून फोन आला होता. म्हणाली, काकांनी ट्रेलर सोडला, कंबर साथ देत नाही, आणि महिनाअखेर ते कोरेगावकडं गावी चाललेत, कायमचे. पुढं म्हणाली, काका पायरीवर बसून तुला म्हणाले, "सुगतच्या आई, गावाकडं दोन खोल्या हायत. एकट्याला लई मोठ्या पडत्यात." आणि तू आतनं म्हणालीस, "मग एक भाड्यानं द्या की, डायवर." ताई तिथंच होती. काका चहा अर्धा टाकून उठले म्हणे. आई, मी इथं एकटा हसलो, आणि हसता हसता थांबलो. तुला कळलं नव्हतं असं मी मानू? तू नंतर ताईला म्हणालीस ना, "पोरगं परदेशात हाय, त्याला लोक काय बोलतील, त्यो काय म्हणंल? आन त्यो परत आल्यावर दार कोण उघडंल?" ताईनं मला सगळं सांगितलंय. तिला ओरडू नकोस. ती पण माझ्यासारखाच विचार करते, फक्त तुझ्यासमोर तोंड उघडायची हिंमत नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर. सुगत काय म्हणेल? सुगत म्हणतो, विहारात जा, ताईला आणि जावयाला बरोबर घ्या, राहीबाईला पुढं बसवा म्हणजे बाकी गल्लीला वेगळं सांगावं लागणार नाही. मला कोण काय बोलेल ते मला इथं ऐकू येत नाही. मधे फार पाणी आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अवघड आहे. चार दिवस कागद उघडतोय आणि मिटतोय. आई, मी इतक्यात परत येणार नाही. पुढच्या वर्षी येतो, सणाला येतो, असं मी दर वेळी म्हणतो आणि तू दर वेळी माझी गोधडी धुऊन ठेवतेस. भेटायला येईन, नक्की येईन. पण राहायला नाही. इथं पहिल्यांदा मला पुढचं जहाज बघावंसं वाटत नाहीये. सकाळी तो ताकासारखा समुद्र बघितला की पाय शांत होतात. ते का होतात ते मला पण कळत नाही. मी तुला सोडलंय असं समजू नकोस. पण माझी वाट बघत त्या खोलीत बसून राहू नकोस. मी कोरेगावला पण येऊ शकतो. तिकडं पण दार असेलच, आणि ते तूच उघडशील.

आता हा कागद मी का लिहिला ते. तुम्हा दोघांना मी चांगला ओळखतो. काका भाड्याच्या खोल्यांबद्दल बोलत राहतील, तू गॅस बारीक करत राहशील, महिना संपेल आणि एसटी निघून जाईल. काकांना स्वतःचं बोलता येत नाही. पण कागदावर असेल ते काका वाचतातच, एक अक्षर न गाळता, आजवर कधी गाळलं नाही. म्हणून काका, पुढच्या ओळी मी तुमच्यासाठी लिहिल्यात. खाकरू नका, चष्मा पुसायला काढू नका, माझ्या आईकडं बघा आणि तुमच्या आवाजात मोठ्यानं वाचा. "सुंदराबाई, मला एकट्याला गावी जायचं नाही. तुम्ही माझ्यासंगं येता का? आणि तुम्हाला तुर्भं सोडवत नसेल तर मी इथंच राहतो. पण राहीन तर तुमच्यासंगं." आई, आता माझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही. समोर बसलेत त्यांना दे.

तुझाच, आणि आता थोडा काकांचाही,
सुगत