लाल झाकणाची कुपी

८ सप्टेंबर १९८६, पार्सिपनी

आज कामावर रुजू झाले. पुरुषोत्तमकाका गाडीने न्यायला आले. माझा नवरा चारुदत्त त्यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन करत होता. जुलैत तो आजारपणात गेला, तेव्हा ही नोकरी त्यांनीच देऊ केली. घरी बसून रडण्यापेक्षा बरं, असं सुमित्राकाकूही म्हणाल्या. मला पाचवा महिना आहे, पण काम बसूनच करायचं. खिडकीबाहेर मेपलची झाडं आहेत. बऱ्याच दिवसांनी डबा पूर्ण संपवला.

११ सप्टेंबर

काम जमू लागलं. मादी झुरळाची अंडनलिका काढून क्षारपाण्यात दोऱ्याने टांगायची. त्यात झुरळांच्या मेंदूच्या अर्काचा थेंब टाकायचा. अर्कातली पेप्टाइड संप्रेरकं स्नायू आवळतात आणि दोऱ्याला जोडलेलं पेन कागदावर लाट काढतं. दुसरं एक पेप्टाइड टाकलं की स्नायू सैल पडतो, रेघ सरळ होते. या दोन्हींमुळे अंडं योग्य वेळी बाहेर पडतं, असं काकांनी समजावलं. आधी किळस वाटली. मग आवडायला लागलं.

१६ सप्टेंबर

काकांनी आज लाल झाकणाच्या कुपीतला अर्क वापरायला दिला. पेनने वेगळ्याच लाटा काढल्या. दोन छोट्या, मग जरा थांबून एक मोठी. चारुदत्त विचार करताना टेबलावर बोटं अशीच वाजवायचा. त्याच क्षणी माझं पोट आवळलं. त्याच लयीत. काकांना सांगितलं तर ते हसले. "अगं, तू काय झुरळ आहेस का? टेन्शन घेऊ नकोस, किड्यांची पेप्टाइडं माणसाला काही करत नाहीत."

१९ सप्टेंबर

पुन्हा तेच. साध्या अर्काने काही होत नाही. लाल कुपीतला थेंब पडला की पोट आवळतं. डॉक्टर म्हणाल्या, असंच होत राहिलं तर मूल टिकणार नाही. काकांना म्हटलं, ती कुपी मला नको. ते म्हणाले, तू खोलीत असलीस की लाटा मोठ्या येतात, म्हणून तर— आणि कुपीचं झाकण लावू लागले.

२२ सप्टेंबर

सरळ विचारलं, अर्क कशाचा. माकडाच्या मेंदूचा म्हणाले. मी जागची हलले नाही. मग म्हणाले— चारुदत्तचा.

बायकांनी दहनाला जायचं नसतं, म्हणून काकूंनी मला घरी बसवलं होतं. मीही ऐकलं. तोंड बांधलेला कलश काकांनीच आणून दिला.

काकूंना माहीत होतं.

त्यालाही. हॉस्पिटलमध्ये त्यानेच होकार दिला होता. दीपाला सांगू नका, ती नाही म्हणेल, असं म्हणाला होता.

नाहीच म्हणाले असते.

माझा हात हातात घेऊन पडून राहायचा. तेव्हाही—

२३ सप्टेंबर

सकाळी कुपी बेसिनमध्ये ओतली. नळ पूर्ण सोडला. काका दारातून ओरडले, "वेडी झालीस का? तो आहे त्यात!"

पोट आवळलं— खूप वेळ— मग सैल. एकदम सैल.

घरी आले. दुखत नाही काही.

मूलही हलत नाही. दुपारपासून.

डाव्या कुशीवर झोपून पाहिलं. थंड दूध प्यायले.

नाही.

काकूंचा फोन वाजतोय. उचलणार नाही.

कुकर लावतेय. एकटीपुरते तांदूळ धुतले. आता पाणी मोजते.