सुमनच्या बोटांची सूज उतरली

औंढा, मंगळवार, १३ नोव्हेंबर १९७३

भावजयीला, सुमनला, सातवा महिना लागला म्हणून कासारीण आली होती. संधिवाताचं दुखणं आम्हा नणंद-भावजयीचं एकच. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. चैत्रात सुमनला साधी गाठ सुटत नव्हती. आज लहान मापाच्या बांगड्या सरसर चढल्या.

"आक्का, तुमी बी भरा की!" सुमन म्हणाली.

कासारणीनं माझी बोटं चाचपली. "बाईंच्या मापाच्या न्हाईत माझ्याकडं." सुमन हसली. सहजच हसली असेल, तरी मी जळाले.

डॉक्टरांनी मला परवाच सांगितलं होतं. गर्भारपणात बाईची हार्मोन्स वाढतात, बहुधा त्यानंच हे दुखणं दबतं. बाळंतपणानंतर बहुतेक परत उसळतं. माझी तर पाळीच गेली. मला तेवढे नऊ महिनेही नाहीत.

दिवसभर तिच्या बांगड्या वाजत होत्या. संध्याकाळी म्हणाली, "बाळंतपणाला माहेरी काहून जाऊ? हात बरे झाले. लेकराला मीच न्हाऊ घालीन."

मी विषय बदलला. का? तिचा आनंद मोडू नये म्हणून? छे.

दुखणं परत उसळेल, हे तिला सांगायलाच हवं. पण सांगताना मला बरं वाटेल, हे कळलं, म्हणून आज सांगितलं नाही.