स्टुलावर बसून एकतीस हजार पावलं

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (यंदा हा शब्द रीत म्हणून लिहिलेला नाही. उन्हाळ्याच्या पहिल्या आठवड्यात मी खरोखर तसे बारा नमस्कार घातले आणि बाराव्यानंतर उठायला दाराच्या चौकटीची मदत घ्यावी लागली.) तुझी तब्येत चांगलीच असेल. तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून तू लोकांचे ताप पळवलेस. तुझ्या अंगात यायला आता कोणता ताप धजावेल? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. फोन न करता पत्र का, असं वाटेल तुला. आपल्या घरात फोन एकाला येतो आणि बोलतात चौघं, आणि मला जे सांगायचं आहे ते त्या चौघांतल्या तिघांबद्दल आहे. चौथी मी. माझ्याबद्दलही थोडं आहे, पण ते शेवटी.

माझा पदवीचा निकाल लागला त्या दिवशी तू काय म्हणालीस ते मी विसरलेली नाही. घरातली पहिली पदवी म्हणून बाबा निकालाचा कागद शेजाऱ्यांना वाचून दाखवत होते आणि त्याच दमात ‘आता पुरे, नोकरी बघ’ असंही म्हणत होते. तू मला स्वयंपाकघरात ओढून नेलंस आणि म्हणालीस, “आपल्या घराण्यात सुरुवात सगळ्यांना येते. उन्हाळाभर रोज दहा हजार पावलं चालून दाखव, एकही खाडा न करता. मग तुझ्या पुढच्या शिक्षणासाठी भावाकडे मी शब्द टाकते.” वर हेही सांगितलंस, की तुझा शब्द तू वर्षातून एकदाच टाकतेस, म्हणून तो खाली पडत नाही. आणि मनगटावर तो पावलं मोजायचा पट्टा बांधलास, ज्याचा आकडा रोज रात्री तुझ्या फोनवर उमटतो. माझ्यावर इतका विश्वास याआधी कोणी दाखवला नव्हता, आणि इतका अविश्वासही.

मी सुशिक्षित असल्यामुळे एकटीने चालायचं नाही, लोकांना बरोबर घेऊन चालायचं असं ठरवलं. आमच्या बागेत एक चालणारं मंडळ आहे. त्याचे प्रमुख आहेत निवृत्त हेडक्लार्क, त्यांना सगळे सातत्यकाका म्हणतात. (हे नाव त्यांनी स्वतःच सुचवलं असावं असा मला दाट संशय आहे.) पहिल्या दिवशी चाळीस माणसं आली. सगळ्यांचे बूट इतके नवे होते की बागेला बुटांच्या दुकानाचा वास येत होता. सातत्यकाकांनी बाकावर उभं राहून पाऊण तास भाषण केलं: इच्छाशक्ती म्हणजे काय, उन्हाचा बाऊ का करू नये, ध्येय लहान ठेवावं की मोठं. मग फोटो निघाला. फोटो निघाल्यावर निम्मे लोक घरी गेले आणि उरलेल्यांच्या लक्षात आलं की ऊन झालं आहे, आज चालण्यात अर्थ नाही. आठव्या दिवशी आम्ही चौघं होतो, त्यांपैकी एक जण काकांना नाश्त्याला बोलवायला आलेला त्यांचा जावई. काका मात्र एक दिवस चुकले नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. रोज पहाटे साडेपाचला ते येतात आणि त्याच बाकावर बसतात. इतक्या सातत्याने बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बाहेर ही गत, तर घरात काय असणार? मी भिंतीवर तक्ता लावला. चौघांची नावं, उभ्या रेघा, आडव्या रेघा, खाली ठळक अक्षरात ‘एक खाडा म्हणजे सगळं पाण्यात’. बाबांनी तक्ता बसच्या वेळापत्रकासारखा वाचला, म्हणजे वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. म्हणाले, मी कंडक्टर माणूस, रोज दोनशे किलोमीटर जातो, मला काय चालायला सांगतेस. दादाने मात्र त्याच संध्याकाळी लोखंडी वजनं आणली. आरशासमोर दोन दिवस उचलली, तिसऱ्या दिवशी दंड दुखतो म्हणून आईकडून शेकून घेतला, आणि तेव्हापासून ‘शरीराला विश्रांतीही लागते’ हे वाक्य तो जेवताना, झोपताना आणि भांडी घासायची पाळी आल्यावर म्हणतो. ती वजनं आता आईच्या शिवणाच्या कापडावर असतात. कापताना कापड सरकू नये म्हणून आई ती रोज पन्नासदा उचलते आणि ठेवते. तक्त्यावर तिच्या नावापुढे मी शून्य घालत होते, कारण ती म्हणाली होती, मला गं कुठला वेळ व्यायामाला.

आणि खरंच नव्हता. शाळा उघडायच्या आत तीनशे गणवेश शिवून द्यायचे आहेत. तुला माहीतच आहे, बाकीच्यांचा उन्हाळा सुटीचा, तिचा हंगामाचा. पुढच्या खोलीत खिडकीखाली ते पायाचं शिलाई मशीन, शेजारी निळ्या कापडाचा ढीग, आणि सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत ती स्टुलावर.

आता नवव्या दिवसाबद्दल. त्या दिवशी मला जाग आली तेव्हा ऊन अंथरुणापर्यंत आलं होतं. मी विचार केला (सुशिक्षित माणसाला विचार करून आळस करता येतो, हा शिक्षणाचा मोठा फायदा), की शरीराला विश्रांतीही लागते. पट्टा खिळ्याला अडकवला आणि वाचनालयात जाऊन पंख्याखाली बसले. रात्री तुझा निरोप आला: ‘एकतीस हजार! शाब्बास.’ मला वाटलं पट्टा बिघडला. खिळ्यावर पाहिलं तर पट्टा नाही. तो आईच्या पायात होता, घोट्याच्या वर.

आई म्हणाली, “एकही खाडा नको म्हणाली होतीस ना, म्हणून बांधला. हातात घातला तर शर्टाचा धागा ओढला त्याने. मग म्हटलं, पायात बरा.”

तिला वाटलं, तो पट्टा कोणाच्या तरी अंगावर राहिला पाहिजे, खिळ्यावर राहिला की खाडा. पाय मशीनवर चालत होते आणि पट्टा इमानदारीने मोजत होता.

त्याच रात्री तुला खरं सांगायला हवं होतं. मी एक दिवस थांबले. मग दुसरा. मग माझ्या मनाने एक तत्त्व शोधून काढलं, की श्रम कोणाचेही असोत, घर एकच. (तत्त्व शोधायला मला फार वेळ लागत नाही, चालायला लागतो.) रोज सकाळी मी पट्टा तिच्या पायात बांधू लागले आणि ती म्हणू लागली, घट्ट बांध, पडायला नको, तुझं शिक्षण आहे त्यात. सातत्यकाकांना, बाबांना, दादाला मी वर नावं ठेवली, त्यातलं एकही मागे घेत नाही. पण ते तिघं निदान दुसऱ्याच्या पायांनी चालले नाहीत.

असे सव्वीस दिवस गेले. परवा तुझा निरोप आला: ‘इतकं चालू नकोस, गुडघे जातील.’ मी हसत हसत मोठ्याने वाचला. बाबा हसले, दादा हसला. आई हसली नाही. तिने हातातली कात्री खाली ठेवली आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, कोणी बघत नाही असं समजून. मग उठताना तिने आधी टेबल धरलं, मग भिंत. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, “हंगामात असतंच.” हंगाम वीस वर्षं चालू आहे, आत्या. आणि तू चौकशी केलीस ती माझ्या गुडघ्यांची.

तर तुझ्या फोनवरचे मोठे आकडे सगळे आईचे. पहिल्या आठ दिवसांचे माझे, आणि त्यातले दोन दिवस बागेतून रिक्षाने परत आले होते. ‘कळावे’ म्हणण्याआधी आणखी काय लिहू? मोठ्यांना नमस्कार लिहायचा तर तिथे तूच सगळ्यात मोठी, आणि लहानांना आशीर्वाद देण्याची माझी लायकी सध्या नाही.

तुझी,
खाडेकरीण भाची

ता.क. प्रवेशअर्जाची मुदत या महिनाअखेर आहे, हे तुला माहीत आहे म्हणून आठवण करत नाही. पण तुझा वर्षाचा एक शब्द तू माझ्यासाठी टाकू नकोस. आईच्या मशीनला मोटर बसवायची आहे. तिने दोनदा विचारलं, बाबा दोनदा म्हणाले, पाय हलतायत तेच बरं, फुकटचा व्यायाम. बाबा जगात दोघांनाच घाबरतात, तिकीट तपासनिसाला आणि थोरल्या बहिणीला. तपासनीस हे काम करणार नाही. माझ्या शिक्षणाचं मी पुढच्या वर्षी बघेन, तेव्हा तुझा नवा शब्द निघेल.

ता.क. दुसरा. हे लिहून झाल्यावर मी आईला मोटरचं सांगितलं. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. ती बॉबिन भरता भरता म्हणाली, “म्हणजे आकडा येणार नाही?” रोज रात्री आकडा बघून झोपायची तिला सवय लागली आहे. काल समोरच्या बाईंना सांगत होती, आज चौतीस हजार. म्हणाली, इतकी वर्षं शिवलं, लोकांनी गणवेश मोजून घेतले, पाय कोणी मोजले नव्हते. तेव्हा बाबांशी बोलायच्या आधी तिच्याशी बोल, नर्सच्या आवाजात.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. आमचा समेट झाला आहे. पट्टा एक दिवस तिचा, एक दिवस माझा. आणि तिने हट्टाने तक्त्यावर दोन्ही ओळी स्वतः भरायला घेतल्या आहेत. आज माझा दिवस होता. तुझ्या फोनवर एक हजार एकशे नव्वद दिसत असतील. पट्टा बिघडलेला नाही. हसायचं असेल तर खिडकी लावून हस.