तांबडीला मोठ्या गाडीचे ब्रेक

३ ऑक्टोबर, रविवार. सकाळ.
वहिनींचा फोन आला. दादा जाऊन दहा महिने झाले आणि तेव्हापासून त्याची तांबडी आमच्या गॅरेजमध्ये उभी आहे. वहिनींचं म्हणणं, गाडी उभी राहिली की कुजते. दातांचे एक डॉक्टर ती घ्यायला तयार आहेत, एकतीस तारखेला संध्याकाळी न्यायला येतील. पण त्याच्या आत मी स्वतः चालवत ती वहिनींच्या दारापर्यंत आणली, तर गाडी माझी. ओढून आणलेली चालणार नाही, दुसऱ्याने चालवलेलीही नाही. मी म्हणालो, वहिनी, चार आठवड्यांत लोक घर बांधून मोकळे होतात. त्या म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही स्वयंपाकघरातला नळ दोन वर्षं दुरुस्त करताय.

नळाचा विषय वेगळा आहे.

नोंद करून ठेवतो. दहा महिन्यांत गाडी बाहेर काढली नाही, याचा भीतीशी काडीचाही संबंध नाही. अडचण तांत्रिक आहे. सव्वीस वर्षांची स्पोर्ट्स कार, पळायला हरीण आणि थांबायला म्हैस. ब्रेक जुने झालेत. हे मी दादा असतानाही त्याला स्पष्ट सांगितलं होतं.
संकल्प: त्याच कंपनीच्या मोठ्या सेडानचे ब्रेक काढून तांबडीला बसवणे. सर्व काम स्वहस्ते. मिस्त्रीला बोलावायचं नाही.

५ ऑक्टोबर, मंगळवार.
इंटरनेटवर जुन्या गाड्यावाल्यांचा एक ग्रुप सापडला. तिथे टॉर्कबाबा नावाचा गृहस्थ लिहितो की हे काम दोन तासांचं आहे, पोरही करेल. मी ऑफिसात एकतीस वर्षं नकाशे तपासतोय, माझी नजर मिलिमीटरची. दीड तास धरतो.
आज सुरुवात करणार होतो. डोकं दुखत होतं.

९ ऑक्टोबर, शनिवार.
भंगारवाल्याकडून मोठ्या सेडानचे पुढचे दोन्ही ब्रेक आणले. हिला समजावून सांगितलं. चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते, हा जबडा तिला दोन्ही बाजूंनी धरतो, याला कॅलिपर म्हणतात. तिने विचारलं, जुन्या जबड्यांना काय झालंय. म्हणालो, लहान आहेत. तिने विचारलं, लहान आहेत की झिजलेत. तिला यातलं कळत नाही. ती म्हणाली, बरं, आणि भाजी निवडायला गेली. ही बरं म्हणाली की मला फार वेळ लागतो त्यातून बाहेर यायला.

१० ऑक्टोबर, रविवार.
दीड तासाचं काम सात तासांत झालं. जुने ब्रेक निघता निघेनात. नवे बसताना एक गोम निघाली: डावा जबडा डावीकडे लावला की रबरी नळी पोचत नाही. टॉर्कबाबाने याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. मी शांतपणे विचार केला, डावा उजवीकडे लावला आणि उजवा डावीकडे. माप घेऊन शिवल्यासारखे बसले. अनुभव तो अनुभव.

दादा असता तर म्हणाला असता, वा रे वा.
गॅरेजमध्ये आज तसं कुणीतरी म्हटल्यासारखं वाटलं. पत्रा तापला की आवाज करतो.

१३ ऑक्टोबर, बुधवार.
नव्या ब्रेकवर जुनं चाक बसत नाही. एका करंगळीने अडतं. मोठी चाकं शोधावी लागणार. ही म्हणाली, ब्रेक मोठे म्हणून चाकं मोठी, आता चाकं मोठी म्हणून रस्ता मोठा करून घ्या. मी हसलो नाही.

१६ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळ.
चाकं मिळाली. बॅटरीही चार्ज करून बसवली. आता ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. पद्धत अशी की एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी छोटी बोंडी सैल करून तेलाबरोबर हवा बाहेर सोडायची.
मी आत बसलो नाही. कारणं दोन. पाठ. आणि ड्रायव्हरची सीट दादाच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकवलेली आहे, ती हलवली तर सेटिंग जाईल. आरसाही त्याच्याच डोळ्यांना लावलेला. उघड्या दाराशी गुडघे टेकून मी झाडूच्या दांड्याने पेडल दाबलं, मग धावत चाकाशी, मग परत दाराशी. ही खिडकीतून बघत होती. तिला म्हणालो, व्यायाम.
शेवटी पेडल दगडासारखं कडक झालं. झालं काम. उद्या सकाळी गाडी काढतो.

१७ ऑक्टोबर, रविवार. सकाळ ७.
पेडल तळाला गेलं. नुसता दांडा टेकवला आणि भस्सकन खाली. रात्रभर कुणी दाबत बसल्यासारखं.
पुन्हा दाबून दाबून कडक केलं. गाडी काढण्याचा मुहूर्त पुढे.

१८ ऑक्टोबर, सोमवार. सकाळ.
पुन्हा तेच. तेल कुठेही गळत नाही, फरशी कोरडी ठणठणीत. टॉर्कबाबाला विचारलं. म्हणतो, हवा आहे. अरे, पण रोज काढतो ना हवा. तर म्हणतो, मग तुमच्याकडे येते कुठून? हेच मी त्याला विचारत होतो.

१९ ऑक्टोबर, मंगळवार.
ऑफिसातून लवकर आलो. सव्वाचार वाजता गॅरेजच्या दाराच्या फटीतून लाल उजेड दिसला. आत गेलो. तांबडीचे मागचे दोन्ही दिवे लागलेले. म्हणजे ब्रेकवर पाय आहे. आत कुणी नव्हतं. किल्ली माझ्या खिशात.
दोन मिनिटांनी गेले.
वायरिंगचा दोष असणार. वायरिंगला मी हात लावलेला नाही, हे खरं आहे, पण दोष तिथेच असणार. चहा दोन कप घेतला.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार.
पाठीचं कारण सांगून रजा काढली. साहेब म्हणाले, काळजी घ्या. आज पाठ खरंच दुखते आहे, तेव्हा खोटं नाही.
चार वाजता घड्याळ घेऊन तांबडीत बसलो. शेजारच्या सीटवर, नेहमीच्या. सव्वाचारला मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला. ड्रायव्हरची सीट रिकामी. आरशात मला फक्त छत दिसत होतं, कारण तो मला लावलेलाच नाही.
प्रयोग म्हणून मी म्हणालो, दादा, पाय काढ.
थोड्या वेळाने उजेड गेला.
नोंद: घाबरलो नाही. उतरताना दार उघडायचं राहून गेलं, म्हणून कपाळाला लागलं.

२४ ऑक्टोबर, रविवार. सकाळ ९.
याच वेळेला तो यायचा. दर रविवारी. गाडी काढायचा, मी शेजारी, गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत जाऊन यायचो. गाडी दोघांची म्हणायची पद्धत होती. चालवायचा तो, मी दुरुस्तीच्या वेळी हातात पाने-पक्कड द्यायचो.

डिसेंबरातली गोष्ट एकदा नीट लिहून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. त्या रविवारी तो म्हणाला, चल, आज घाट चढू, वर चहा घेऊ, दुपारपर्यंत परत. मी म्हणालो, ब्रेक जुने आहेत, आधी ते बदलू, मग जाऊ. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ठीक आहे. गाडी आमच्या गॅरेजमध्ये लावली आणि चालत घरी गेला. पुढच्या बुधवारी बँकेच्या रांगेत उभा असताना खाली बसला, तो उठलाच नाही.
या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. ब्रेक जुनेच होते. आता ते किती अवघड काम आहे हे सिद्धच होतंय.

आज पेडल पुन्हा तळाला. मला राग आला नाही, हे जरा विचित्र आहे.

२६ ऑक्टोबर, मंगळवार.
ही म्हणाली, गॅरेजमध्ये कुणाशी बोलत असता. म्हणालो, फोनवर. ती म्हणाली, फोन इथे चार्जिंगला आहे. मग माझ्यापुढे ताट ठेवलं. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

२८ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळ.
दिनक्रम ठरून गेला आहे. संध्याकाळी मी पेडल कडक करतो, सकाळी ते खाली असतं. सव्वाचारला दिवे. शनिवार-रविवार धरून रोज. रजा वाढवली.
काल त्याला म्हणालो, दादा, तुला घाटात जायचं असेल तर ब्रेक नीट राहू दे, असा रोज दाबत बसशील तर जाणार कसे. मग त्याला ऑफिसातल्या बढतीचं सांगितलं, म्हणजे ती मला मिळाली नाही ते. हे मी हिलाही सांगितलेलं नाही. बरं वाटलं.
दरवाजा लावताना मनात आलं की उद्या पेडल कडक निघालं तर? आणि कुलूप लावायचं राहून गेलं.
तारीख लक्षात आहे. तीन दिवस आहेत. तीन दिवस भरपूर झाले.

३० ऑक्टोबर, शनिवार.
हिने मला न विचारता मिस्त्रीला बोलावलं. तो दादाचा जुना मिस्त्री, गुडघे गेलेले, स्टूल घेऊनच आला. चाक काढलं. बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, साहेब, ही बोंडी खाली का ठेवलीत?
म्हणालो, ती तशीच बसते.
तो म्हणाला, डावं उजवीकडे लावलंय तुम्ही आणि उजवं डावीकडे, म्हणून बोंडी खाली आली. हवा नेहमी वर जाते, साहेब. तुम्ही खालून तेल काढत राहिलात, हवा वर निवांत बसलेली. दाबलं की तेवढ्यापुरतं कडक, सोडलं की रात्रीतून पुन्हा मऊ. रबरी नळी थोडी लांब हवी होती, बाकी काही नाही.
दिव्यांचं विचारलं. पेडलमागे हात घालून तो म्हणाला, दांड्याने रेटून रेटून बटणाची पट्टी वाकवलीत. आता जरा हादरा बसला की दिवा लागतो. त्याच वेळी बाहेरून पालिकेची कचऱ्याची मोठी गाडी गेली, आणि दिवे लागले. चार वाजून पंधरा मिनिटं. ही माझ्याकडे न बघता आत गेली.
चाळीस मिनिटांत सगळं झालं. जाताना कोपऱ्यातले जुने ब्रेक त्याने उचलून बघितले, बोट फिरवलं, आणि विचारलं, हे काढले कशाला? हे अजून पाच वर्षं हलले नसते. साहेबांनी मागच्याच वर्षी माझ्याकडून नवीन करून घेतले होते. साहेब म्हणजे दादा.
मी म्हणालो, मोठे हवे होते.

३१ ऑक्टोबर, रविवार. सकाळ ७.
पेडल कडक आहे. जसं काल ठेवलं तसंच.
बराच वेळ दारात उभा राहिलो. दादा म्हणून हाक मारून बघितली. गॅरेजमध्ये गाडी आहे, डबे आहेत, झाडू आहे. हवा काढायची होती ना, निघाली. आज पहिल्यांदा इथे फार एकटं वाटलं.

दुपार २.
ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. पाय पोचत नाहीत. सीट पुढे घ्यायला खटका आहे, तो ओढावा लागतो. नंतर ओढतो.

संध्याकाळ ५.
वहिनींचा फोन. निघालात का? म्हणालो, नाही. ब्रेक झाले का? झाले. मग?
शेवटी म्हणालो, वहिनी, ब्रेक तेव्हाही चांगलेच होते. मला घाटाची भीती वाटली, म्हणून मी त्याला नाही म्हणालो. त्याला शेवटचं नाही म्हणालो.
वहिनी म्हणाल्या, माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं. त्या दिवशी हसतच घरी आले. म्हणाले, त्याला लहानपणापासून उंचीची भीती आहे, बिचारा ब्रेकवर ढकलतो. पुढच्या रविवारी त्याला तळ्याकडे नेतो, तिकडे रस्ता सपाट आहे.


रात्र ९.
डॉक्टर सहाला आले. सज्जन माणूस. बसल्याबरोबर त्यांनी खटका ओढून सीट पुढे घेतली. एका सेकंदाचं काम. ब्रेक कसे आहेत विचारलं. म्हणालो, या गाडीला याहून चांगले ब्रेक जगात नाहीत. चालवायला कशी वाटते? म्हणालो, उत्तम.
कागद वहिनींकडे होते आणि डॉक्टरांना तिकडचा रस्ता माहीत नव्हता. म्हणून मी शेजारी बसलो. वाटेत एकदाही भीती वाटली नाही, असं लिहिणार होतो. वाटली. सपाट रस्त्यावर, चाळीसच्या वेगाला. वहिनींच्या दाराशी गाडी थांबली, मी उतरलो, आणि डॉक्टरांना कागदांवर कुठे सही करायची ते दाखवलं. परत येताना रिक्षा केली.